साठच्या स्पीडनं हॅम्बुर्ग

मी आष्टा सोडलं त्या दिवशी गाडी अण्णांनी चालवली. विमान मुंबईहून संध्याकाळचं होतं, म्हणून आम्ही उजाडायच्या आत निघालो. दादा मागच्या सीटवर माझ्या बॅगांमध्ये अडकून बसलेला, आणि पेठ नाक्याला हायवेला लागल्यापासून त्याची भुणभुण सुरू. "अण्णा, वाईच दाबा की. एसटीसुदिक पुढं निघून गेली!" अण्णांचा काटा साठवर. कराड आलं नि गेलं, साठ. सातारा गेलं, साठ. खंबाटकीच्या बोगद्यात मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून शिव्या देत होते. अण्णा फौजेत ड्रायव्हर होते, निम्मं आयुष्य डोंगरातल्या रस्त्यांवर कॉन्व्हॉयमध्ये ट्रक चालवण्यात गेलेलं. त्यांनी आरशात बघितलं आणि म्हणाले, "आग लागलीया का कुठं? पोरगी चाललीया न्हवं. जाऊ दे सावकाश."

विमानतळावर पोचवायला आलेल्यांना आत सोडत नाहीत. दादानं बॅगा ट्रॉलीवर चढवल्या. अण्णा गाडीभोवती फिरत एकेका चाकाला पायानं ठोकून बघत राहिले. चाकांना काही झालेलं नव्हतं. मी पाया पडले तेव्हा म्हणाले, "येतो की एकदा तुज्याकडं. रस्ता आसंल तर गाडी घिऊनच येतो." आम्ही तिघंही हसलो.

हे सगळं मी आपल्या घरच्या ग्रुपवरच टाकणार होते. पण तिथं चार ओळींच्या वर कुणी वाचत नाही, जोडलेले हात टाकतात आणि मोकळे होतात. म्हणून इथं माझ्या ब्लॉगवर लिहितेय, आष्ट्यात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठीही. माझं डोकं तापलेलं आहे. गोडगोड वाचायचं असेल तर इथंच थांबा.

हॅम्बुर्गला आल्यावर पहिले काही आठवडे मी कागदोपत्री कुठंच राहत नव्हते. इथं आन्मेल्डुंग करावी लागते, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद. ती झाल्याशिवाय बँक नाही, पगार नाही, काही नाही. आष्ट्यात कुणी पत्ता विचारला तर 'अण्णा फौजींचं घर' म्हटलं की बसस्टँडपासून लोक त्याला दारात आणून सोडत. इथं घंटीच्या बटनाशेजारी आपलं नाव चिकटवलं नाही तर टपाल परत जातं. मी नाव चिकटवलं. बंदराजवळच्या गोदामात काम मिळालं, कुठला माल कुठं गेला ते स्क्रीनवर बघायचं. भाषा आली, सायकल आली, थंडीत पाच थरांचे कपडे घालणं आलं. फोनवर अण्णांचे दोनच प्रश्न असायचे. जेवलीस का, आणि तिकडं गाड्या कुठल्या अंगानं चालत्यात.

मग आई गेली, आणि पाठोपाठ अण्णांना झटका आला. डावी बाजू गेली. हात बराचसा परत आला, पाय आला नाही. दादानं गाडीची किल्ली काढून घेतली, ते बरोबरच केलं. डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास नको म्हणून सांगितलं, तेही बरोबरच असेल. पण मग हा माणूस दिवसभर घराच्या पुढच्या सोप्यात खुर्ची टाकून बसायला लागला, आणि रस्त्यानं जाणाऱ्या उसाच्या प्रत्येक ट्रॅक्टरला नावं ठेवायला लागला.

मार्ग काढला तो श्रेयानं. श्रेया म्हणजे दादाची मुलगी, पुण्यात नोकरी करते. तिनं मला फोन केला, "आत्या, ट्रक चालवायचा एक गेम हाय. क्लच लागत न्हाई, एका पायावर आजोबांना जमंल." मी स्टिअरिंग आणि पेडल पाठवली, कॉम्प्युटर तिनं घेतला. आष्ट्यातल्या वेल्डरनं लोखंडी सांगाडा करून दिला, त्यावर जुन्या जीपची सीट बसवली. सगळं सोप्यात मांडलं. दादा म्हणाला, आठ दिवसांत धूळ खात पडंल.

गेममध्ये युरोपचा नकाशा आहे. अण्णांनी पहिल्या दिवशी पहिलं काय विचारलं असेल? "ह्यात मनीचं गाव हाय का?" मनी म्हणजे मी. माझं गाव होतं. मग म्हणाले, "आपल्याला सगळ्यात जवळचं कुठलं ह्यात?" भारत काही त्या नकाशात नाही. श्रेयानं इस्तंबूल दाखवलं. "तर मग तितनंच निघू." माल निवडायची वेळ आली. यंत्रं होती, फर्निचर होतं, दुधाची भुकटी होती. अण्णांनी कांदा घेतला. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जात्यात व्हय, म्हणाले, लोणंदचा समजू.

आणि निघाले. कसे, ते मला नीट सांगू द्या, कारण त्यावरच सगळे हसलात. अण्णा चपला घालून गाडी चालवत नाहीत. रोज सांजच्याला ते बूट घालायचे, लुळ्या पायातसुद्धा, वहिनीकडून नाडी बांधून घ्यायचे. आधी कॅमेरा फिरवून ट्रकची सगळी चाकं बघायची. मग इंडिकेटर देऊन रस्त्याला लागायचं. स्पीड साठ. समोर कुत्रं नसताना, माणूस नसताना, लाल सिग्नलला उभं राहायचं. पेट्रोल पंप आला की गाडी कडेला घेऊन इंजिन बंद, आणि खराखुरा चहा. बल्गेरियात पाऊस लागला तर वायपर चालू करून वहिनीला हाक मारली, "आगं, वाळाण आत घे!" आणि स्वतःच खो खो हसले. वेड लागलं नव्हतं त्यांना. माणूस पूर्ण शुद्धीत होता आणि मजेत होता. कांद्याला उशीर झाला म्हणून गेम तांबड्या अक्षरात बोंब मारायचा. अण्णा त्याला म्हणायचे, "गप रं, येतुया."

रविवारी दुपारी माझ्या लॅपटॉपवरून मीही माझा ट्रक घेऊन त्यांच्या मागं लागायचे. कानात त्यांचा आवाज. "मने, अंतर ठेव. बुडाला चिकटू नगो." रुमेनियाच्या एका सपाट रस्त्यावर ते एकदम म्हणाले, "तुज्या आईला एकदा ट्रकमदनं लांब न्यायचं हुतं. ऱ्हाऊन गेलं बग." आईविषयी ते असं कधी बोलले नव्हते. घरात होते तेव्हा बापाशी मी इतकी कधी बोलले नाही. समोरासमोर बसून आम्ही काय बोलणार होतो? दोघांचेही डोळे रस्त्यावर असले की बोलता येतं. बुडापेस्ट गेलं, ब्रातिस्लाव्हा गेलं. प्राग मागं टाकताना मी घराच्या खिडकीत बसून खरोखरच्या पाहुण्याची बघावी तशी वाट बघायला लागले होते.

तुम्हाला मात्र ते संपायला हवं होतं. ग्रुपवर आतेभाऊ विचारतोय, "मामा अजून पोचले न्हाईत व्हय?" इथल्या मराठी मैत्रिणी तेच. एक म्हणाली, अगं, एका दिवसात होतं ते, मधे स्किप करायचं. काय झालंय काय सगळ्यांना? म्हाताऱ्या आईबापांचे व्हॉइस मेसेज डबल स्पीडवर ऐकता. सत्यनारायणाची पूजा व्हिडिओ कॉलवर, त्यातही आवाज बंद करून ऑफिसचं काम. आणि वर अण्णांना म्हणायचं, टाइमपास करताय!

मग श्रेयाला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. वडूजचे, चांगले लोक, मुलाचे वडीलही फौजेतून रिटायर झालेले. झालं, दादाच्या अंगात आलं. सोप्यातच पाहुण्यांना बसवायचं, आणि सोप्यात तो लोखंडी सांगाडा. "पाव्हणं काय म्हनतील? म्हातारा व्हिडिओ गेम खेळतोय म्हनून?" त्यानं अण्णांना सांगितलं, ते हॅम्बुर्ग एकदाचं उरकून टाका आणि आवरा. अण्णा तेव्हा ड्रेस्डेनच्या अलीकडं होते. तिथून माझं गाव थोडंच राहिलेलं. ते म्हणाले, "पोचल्याव काढू." आणि पुन्हा साठ.

दुसऱ्या दिवशी वहिनी अण्णांना व्यायामासाठी सांगलीला घेऊन गेली. दादा स्टिअरिंगवर बसला. गेममध्ये एक बटन आहे, दाबलं की गाडी उचलून हव्या त्या शहरात नेऊन ठेवतात. त्यानं ते दाबलं. मग सगळं सोडवून माळ्यावर चढवलं. अण्णा सांगलीहून आले तेव्हा सोपा मोकळा, धुतलेला, गालिचा अंथरलेला. दादा खुशीत म्हणाला, "अण्णा, तुमची गाडी पोचवली बगा हॅम्बुर्गला. झालं काम!" आणि मोबाइलवर फोटो दाखवला. माझ्या भावाला खरंच वाटत होतं की त्यानं बापावर उपकार केलेत. ह्याचाच मला जास्त राग येतो.

अण्णांनी फोटो निरखून बघितला. विचारलं, "ट्रेलर कुठाय?"

ट्रेलर नव्हता. ती सोय वापरली की मागचा माल सुटतो. दादा म्हणाला, "आवं, ते सोडल्याबिगार उचलत न्हवतं. ऱ्हाऊ दे की, खोटाच तर कांदा."

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी एका फौजीनं दुसऱ्या फौजीला विचारावं तसं आपुलकीनं विचारलं, "काय करतासा सद्या?" दोन दिवसांपूर्वीपर्यंत माझा बाप दूध घालायला येणाऱ्यालासुद्धा सांगायचा, लेकीकडं निघालोय म्हणून. तो म्हणाला, "काय न्हाई. बसून आसतो." हे मला श्रेयानं सांगितलं, सांगताना ती रडत होती. मी गोदामात होते. स्क्रीन तशीच टाकून बाहेर आले आणि दादाला फोन लावला.

काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, अर्धं लिहिण्यासारखं नाही. दादाही ऐकणारा नव्हे. "तुला काय जातंय तितनं बोलाय! ह्यांची आंघूळ कोन घालतं? रातीचं उचलून कोन नेतं? तू?" खरं आहे. तू करतोस, वहिनी करते, मी करत नाही. रोज तुझे पाय धरले तरी ते फिटायचं नाही. पण म्हणून त्यांची वाट तुझी होते का रे? अंगानं ते तुझ्यावर पडलेत, त्यांना उचलतोस, निजवतोस, भरवतोस. एक गोष्ट राहिली होती जी ते स्वतःच्या पायानं करत होते. एकाच पायानं, पण स्वतःच्या. तीही तू उरकून टाकलीस! मी हे फोनवर ओरडून सांगितलं. त्यानं फोन कट केला.

संध्याकाळी अण्णांचा मेसेज आला. आवाज अगदी साधा, जसं काही ऊस तुटून गेला असं सांगतायत. "मने, गाडी आली बग तुज्याकडं. मी न्हाई आलो."

स्टिअरिंग श्रेयानंच खाली काढलं. ती माळ्यावर चढली आणि म्हणाली, पाहुण्यांना मी आजोबांसकट पसंत पडले तर पडले. दादा तोंड फुगवून खाली उभा होता, पण सांगाडा उतरवताना हात त्यानंच लावला. वहिनीनं बूट पुसून आणले.

रविवारी मी लॉगिन केलं तेव्हा अण्णांचा ट्रक हॅम्बुर्गच्या डेपोत उभा होता, मागून बोडका. गेममधलं हॅम्बुर्ग मला माहीत आहे. दोन चौक, चार गोदामं, बंदराची क्रेन, बास. माझी गल्ली त्यात नाही, माझं दार त्यात नाही. बनवणाऱ्यांनी क्रेनचा एकेक खिळा दाखवलाय, माणूस राहतं कुठं ते दाखवायला त्यांचे हात मोडले होते. हे मी अण्णांना कधी सांगितलेलं नाही. वाटलं, आता बघतील आणि विचारतील.

त्यांनी इकडंतिकडं बघितलंसुद्धा नाही. "मने, हितनं भायेर जायाचा रस्ता कुठला?"

"कुठं निघालाय, अण्णा?"

"माघारी. ड्रेस्डेनला. तितं कांदा मिळतोय का बगू, न्हाईतर बटाटं घिऊ. आन् तुजं गाव मी अजून बगितलेलं न्हाई. आलोच न्हाई तर बगू कसा?"

त्यांनी चाकं बघितली, इंडिकेटर दिला आणि निघाले. मी त्यांच्या मागं, अंतर ठेवून. बापानं माझ्याकडं यावं म्हणून मी त्याच्याबरोबर माझ्याच गावाबाहेर चालले होते. पुलावर आल्यावर त्यांनी विचारलं, "तुज्या दाराम्होरं गाडी लावाय जागा हाय न्हवं? मोठी गाडी हाय माजी." मी म्हणाले, "हाय, अण्णा. लय जागा हाय."

घर कुठलं, म्हणून इथले लोक मला विचारतात. आष्ट्यात गेले की तिथले विचारतात, परत कवा चाललीस घरी? ज्या सोप्यातून पाहुण्यांसाठी माझ्या बापाची गाडी हलवतात त्याला घर म्हणवत नाही. आणि घंटीवर चिकटवलेलं नाव म्हणजेही घर नव्हे. पण कुठंतरी ड्रेस्डेनच्या रस्त्यावर एक माणूस माझ्याकडं यायला निघालाय, काहीतरी घेऊन. तो रस्त्यात आहे तोवर मला घर आहे. दादा, तू त्यांना जेवायला घाल, गोळ्या दे, माझ्यावर काढायचा तेवढा राग काढ. पण त्यांना माझ्यापर्यंत आणून सोडायला पुन्हा हात लावलास ना, तर गाठ माझ्याशी आहे.