आमचं काम तपासायला आलेली अनघा

काही महिन्यांपूर्वी आमच्या शाहूपुरीतल्या ऑफिसात एक पाहुणी आली होती. अनघा तिचं नाव. कुठल्या संस्थेला दिलेली मदत खरंच कामी येते, हे तपासून देणगीदारांना सांगणारी एक संस्था आहे, अनघा तिथली. आणि ती चक्क आम्हाला तपासायला आली होती!

आधी आम्ही कोण ते सांगते. जनावर न कापता, त्याच्या थोड्या पेशी घेऊन त्या वाढवून मांस तयार करतात ना, त्या विषयात आमची छोटीशी संस्था काम करते. मांस आम्ही बनवत नाही. मुलामुलींना पेशी वाढवायचं प्रशिक्षण देतो आणि लोकांशी या विषयावर बोलतो. तेही मटणावर जीव टाकणाऱ्या कोल्हापुरात... तुम्हीच कल्पना करा.

आमच्या मानसी मॅडमनी पुण्यातली चांगली नोकरी सोडून हे उभं केलंय. अनघाच्या संस्थेनं शिफारस केली तर देणगीदार मिळतील, नाहीतर प्रशिक्षण बंद करावं लागेल, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं, एवढंच.

सकाळी मॅडमनी प्रेझेंटेशन दिलं. पर्यावरण, जनावरांचे हाल, जगभरातलं संशोधन... अनघानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही नसतात तर काय झालं असतं?"

मॅडम पुन्हा जगाबद्दल बोलायला लागल्या. ती म्हणाली, "हे या क्षेत्राबद्दल झालं. मला तुमच्याबद्दल सांगा ना." खरं सांगते, मला रागच आला. एवढ्या लांबून येऊन असं विचारायचं?

दुपारी तिला जेवायला अक्कांच्या खानावळीत नेलं. अक्का गडहिंग्लजकडच्या, बोलायला रोखठोक. खानावळवाल्यांसाठी घेतलेल्या आमच्या एका बैठकीला त्या आल्या होत्या. 'स्थानिक खानावळचालकांचा या मांसाला पाठिंबा' असं त्या बैठकीबद्दल आमच्या वेबसाइटवर लिहिलेलं होतं... आणि अनघा ते वाचून आली होती. जेवता जेवता तिनं सहज विषय काढला.

अक्का हातातली पळी तशीच धरून उभ्या राहिल्या. "पाठिंबा? मी कवा दिला? मी म्हटलेलं, आणा, शिजवून बघतो. रस्सा चांगला झाला तर ठेवतो, न्हाय तर न्हाय. अजून आणलं कुठं ह्यांनी?"

संपलं सगळं, असं वाटलं.

मानसी मॅडम लाल झाल्या होत्या. पण सारवासारव नाही केली त्यांनी. "अक्का बरोबर बोलतायत," त्या म्हणाल्या. "ते वाक्य चूक आहे. आजच काढतो आम्ही." अनघानं मान डोलावली आणि अक्कांकडे आणखी रस्सा मागितला. अक्का खूश! "घ्या की पावणं, लाजताय काय."

परत येताना मी न राहवून विचारलं, "हे मांस बाजारात कधी येईल हेच कुणाला ठाऊक नाही. मग तुम्ही मार्क देता तरी कशावर?" ती थांबली. म्हणाली, "ते मलाही ठाऊक नाही आणि तसंच मी लिहिणार आहे. म्हणून आज जे बघता येतं, तेवढं नीट बघते."

आणि बघितलंही तिनं! नंतरच्या आठवड्यात आमच्याकडे शिकून गेलेल्या एकेका विद्यार्थ्याला तिनं फोन केला. सगळ्यांना तोच प्रश्न... ही संस्था नसती तर तू आज कुठे असतास? काहींनी सरळ सांगितलं, आम्ही तसेही याच क्षेत्रात आलो असतो. जयसिंगपूरच्या श्वेतानं मात्र सांगितलं की पेशी वाढवणं हे काम असतं हेच तिला आमच्याकडे कळलं. घरी तिच्या बी.एड.चं ठरलं होतं. आज ती बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत आहे.

अहवाल छापण्याआधी तिनं मसुदा आम्हाला पाठवला. कुठे चुकले असेन तर सांगा, म्हणाली. एका ठिकाणी तिचा खरंच गैरसमज झाला होता. आम्ही कळवल्यावर तिनं तो दुरुस्त केला, वर आमचे आभार मानले.

निकाल असा... संपूर्ण संस्थेची शिफारस नाही. लोकांशी बोलण्याच्या कामाचा परिणाम दाखवता आलेला नाही, असं स्पष्ट लिहिलंय. पाठिंब्याचं ते चुकीचं वाक्यही आहे आणि विचारल्यावर संस्थेनं ते लगेच मान्य करून काढलं, हेही आहे. प्रशिक्षणाची मात्र शिफारस! श्वेतासारख्या मुली एरवी इथपर्यंत पोचल्या नसत्या, हे कारण देऊन.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, वाईट वाटलं असणार. पण त्या म्हणाल्या, "मी इतकी वर्षं भाषणं देत फिरले गं... आणि खरं काम त्या मागच्या प्रशिक्षणाच्या खोलीत चाललं होतं." त्याच संध्याकाळी त्यांनी तो अख्खा अहवाल आमच्या वेबसाइटवर टाकला. आमच्या चुकांसकट.

प्रशिक्षणाची नवी बॅच परवा सुरू झाली. अनघाला फोटो पाठवला तर तिचं उत्तर आलं, "छान! पुढच्या वर्षी यांनाही फोन करणार आहे हं."

कौतुक करणारी माणसं आम्हाला पुष्कळ भेटली आणि नावं ठेवणारी तर विचारूच नका. पण आमचं काम इतक्या मनापासून बघणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. अनघा, थँक्यू गं... त्या नाकारलेल्या अर्ध्या भागासाठीसुद्धा.