चालत्या पायांची खुर्ची

तानाजीचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. मेंढरांच्या घरातला माणूस, त्याला गजर लागत नसे. विमानतळावर पोचला की उशिरा येणाऱ्यांना शिवी हासडूनच तो कामाला लागायचा.

मी तिथं सामान चढवायचो. बॅगा उचलून माझी कंबर गेली. मी उंब्रजचा, तो आटपाडीकडचा. बरीच वर्षं एका खोलीत राहिलो, पण आमचं पटलं नाही. तरी इतकं चोख काम करणारा दुसरा दिसला नाही, म्हणून लिहितो.

चालता न येणाऱ्या प्रवाशांना चाकाच्या खुर्चीतून विमानाच्या दारापर्यंत नेणं हे त्याचं काम. सेवा फुकट. फुकट म्हटल्यावर धडधाकट माणसंही बसायची. पोरं परदेशात, आईबापांना इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत. मग पोरगा फोनवर सांगतो, "व्हीलचेअर माग, म्हणजे चुकणार नाहीस." तानाजी खवळायचा. "पाय काय पूजंला ठेवल्यात?"

त्याच्या घरच्यांना स्वतःची जागा नव्हती. दिवाळीनंतर कळप घेऊन कडेगावकडं यायचं, खतासाठी बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवायची, आणि तो "उठा" म्हणाला की भर उन्हात बिऱ्हाड उचलायचं. पगारातून तानाजीनं गावाकडं थोडा खडकाळ माळ घेतला होता. त्यावर मेंढरं कोंडायला दगडी भिंतींचं वाडगं बांधून झालं होतं. फक्त फाटक राहिलं होतं. तेवढं होईपर्यंत नोकरी टिकायला हवी होती.

एका सकाळी खुर्च्या कमी पडल्या. मला त्या दिवशी आत, प्रवाशांच्या बॅगा घेतात त्या पट्ट्यावर लावलं होतं, त्यामुळं सगळं समोर घडलं. तानाजीच्या खुर्चीत कडेगावच्या संयोगिताबाई बसल्या होत्या. आणखी तीन बायका खुर्चीची वाट बघत गप्पा मारत उभ्या होत्या. त्यांच्या मागं एक म्हातारा काठीवर थरथरत होता. एक पाय गुडघ्याखाली नव्हता.

"बाई, गुडघं दुखत्यात?" तानाजीनं विचारलं.

"न्हाई बा. पोरानं सांगितलंय, उठू नगंस म्हणून."

"मग उठा."

"आरं! आमी कोण, ठावं हाय का तुला? कडेगावात नजर पुरत न्हाई एवढा ऊस हाय आमचा."

"हितं ऊस न्हाई, फरशी हाय. उठा."

म्हाताऱ्याला बसवून तो बायकांना म्हणाला, "माझ्या मागनं या. मी थांबलो की थांबा."

मेंढका पुढं आणि कळप मागं, तसा तो निघाला. वळणावर मान वळवून चारी डोकी बघायचा. त्यातल्या हरणाबाई हसून म्हणाल्या, "आवं दादा, हाळी तरी द्या, म्हंजे शोभंल!" तो हसला नाही.

सगळ्यांना विमान मिळालं. पण दाराशी बसूनच संयोगिताबाईंनी मुलाला फोन लावला. "मला मेंढरावाणी चालवलं." दुपारच्या आत तक्रार आली. खुर्च्यांचं काम ज्याच्याकडं होतं त्या ठेकेदाराचा माणूस विश्वजित, त्यानं तानाजीला बोलावलं.

"माफी लिहून दे, नोकरी ऱ्हाईल."

"चालती बाई चालवली. लंगडा माणूस बसवला. माफी कशाची?"

"मग उद्यापासनं येऊ नगंस. ऊठ."

खोलीवर मी म्हणालो, "गड्या, दोन ओळी खरडायच्या हुत्या. फाटकापुरतं तरी दम धरायचा रं."

"तूच खरड," तो वळकटी बांधत म्हणाला. "तुझ्या कमरेला वाकायची सवय हाय."

मी त्याला एसटीपर्यंत सोडायला गेलो नाही.

यंदा त्याच्या गावावरून जाताना वाडगं बघितलं. त्यानं मला आत बोलावलं नाही. शेवटच्या पगारात फाटकाची लोखंडी चौकट तेवढी झाली होती. पत्र्याच्या जागी बाभळीच्या फांद्या बांधल्या होत्या. कडी मात्र जाड, नवी होती, आणि आतल्या बाजूनं बसवलेली.