भागिरथाकाकूचा एक साफ फोटो

आमच्या आसेगावात मेलेल्या माणसांचे जेवढे फोटो भिंतींवर आहेत, त्यातले निम्मे दौलतकाकांनी काढलेले. जिवंत माणसांचं काय, त्यांची लग्नं आता मंगरूळपीरचे लोक ड्रोन उडवून काढतात. काकांकडे उरली ती घरगुती कामं: नामकरण, साक्षगंध, शाळेच्या फॉर्मचे फोटो. तेही एका खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यावर. मी त्यावरून त्यांना खूप छेडलं आहे. आज त्याची लाज वाटते.

काकांच्या कामात खरा अर्धा हात भागिरथाकाकूचा. आमच्या घरांना खिडकी एखादीच, साक्षगंध नेमकं त्याच खोलीत, आणि अंधारात त्या छोट्या कॅमेऱ्याला नेम सापडत नाही. म्हणून काकू नवरीच्या अगदी जवळ उभी राहून तिच्या गालाशी टॉर्च धरायची. काका बटण अर्धं दाबायचे, चौकट हिरवी व्हायची, कॅमेरा ‘पीप’ वाजायचा. पीप वाजलं की काकू टॉर्च विझवून मान भिंतीकडे फिरवायची, नाहीतर फ्लॅश तिच्या डोळ्यांत जायचा. मग काका बटण पूर्ण दाबायचे. अठरा वर्षं हे असंच चाललं. त्यामुळे गावातल्या प्रत्येक अल्बमात काकूचा उजेड आहे, काकू कुठेच नाही.

गेल्या श्रावणात अकोल्याच्या डॉक्टरांनी तिला घरी न्या म्हणून सांगितलं. हाडांपर्यंत दुखणं गेलं होतं, कूस बदलली तरी ती ओरडायची. तिसऱ्या दिवशी ती काकांना म्हणाली, “धम्मदीपाचे बाबा, मायाही एक फोटो काढा. भिंतीवर तो आधार कार्डाचा लावू नका. त्यात मी मलेच वळखू येत नाई.”

काका बाहेर आले आणि शेजारी माझ्या दारात उभे राहिले. “टॉर्च घिऊन चाल,” एवढंच म्हणाले.

चार दिवस आभाळ भरलेलं, गावची विजेची डीपी जळालेली. भरदुपारी त्या खोलीत माणूस चाचपडत होता. काकूला बाहेर ओसरीत आणावं तर हात लावायची सोय नाही. काकांनी आधी फ्लॅश टाकून काढला, पडद्यावर पाहिला आणि लगेच पुसला. चेहरा पांढराफटक आला होता, आणि फ्लॅशचे तसले चेहरे त्यांनी आयुष्यभर काढले होते; हिचा तसा नको होता. मी माझा मोबाइल पुढे केला, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो मुकाट्यानं खिशात घातला.

मग फ्लॅश बंद. हात हलू नये म्हणून गव्हाचा डबा खाटेजवळ ओढला, त्यावर कॅमेरा ठेवला, दोन सेकंदांचा टायमर लावला. मी काकूच्या गालाशी टॉर्च धरायचा, पीप वाजलं की विझवायचा, खिडकीच्या उजेडावर फोटो निघायचा. फोटो पुसट आला. दुसरा पुसट. दहावाही पुसट.

“नीट धर ना बे!” काका माझ्यावर खेकसले. मग डब्याखाली चिंध्या कोंबल्या, काच धोतराच्या सोग्यानं पुसली. बॅटरीची शेवटची रेघ लुकलुकायला लागली आणि गावात वीज नव्हती. काकूला धाप लागत होती. काका भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. “साऱ्या गावाले फोटो देल्ले मी,” ते म्हणाले, “अन् हिचा एक निघून नाई राह्यला.”

त्यांचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

नाक पुसत त्यांनी कॅमेऱ्यातले फोटो पुन्हा मोठे करून पाहिले. एकदम थांबले. “हे पाह्य.” उशीच्या अभ्र्यावरचा टाका न् टाका साफ आला होता. पुसट होता तो फक्त चेहरा, आणि प्रत्येक फोटोत तो भिंतीकडे वळत चाललेला.

“भागिरथा, काहून मान फिरवून राह्यली तू?”

“मी? मी कायले फिरवू?” काकूला खरंच माहीत नव्हतं. बोलायचं त्राण नव्हतं, पण पीप ऐकलं की मान वळत होती.

बटणं दाबत कॅमेऱ्याचे सगळे आवाज काकांनी बंद केले. मला टॉर्च धरायची खूण केली. चौकट हिरवी झाली, खोलीत काहीच वाजलं नाही. मी टॉर्च विझवला. काकू काकांकडे पाहत राहिली.

“वाजलं नाई अजून,” ती जरा वेळानं म्हणाली.

“वाजते आता. तू मायाकडे पाह्य.”

फोटो निघाला होता. बॅटरी संपली होती. तरी काका डब्यामागे वाकून बसून राहिले, आणि ती पाहत राहिली, डोळा लागेपर्यंत.

त्यानंतर चौथ्या दिवशी काकू गेली. पुण्यानुमोदनाला बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांशेजारी तिचा फोटो ठेवला, मेणबत्त्या लावल्या. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका साफ. बाया म्हणाल्या, कशी टक लावून पाहते. ती कशाची वाट पाहते आहे, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

परवा माझ्या नातीच्या नामकरणाला काका आले. तोच कॅमेरा. फोटो कधी निघतो ते कुणाला कळेना, पोरी हसायला लागल्या. मी म्हटलं, “काका, आता तरी आवाज चालू करा.”

त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांत झाकून धरला.

“नाई बाप्पा,” ते म्हणाले. “वाजलं का तुयी काकू मान फिरवते.”