हलक्या हाताची करिष्मा

अर्पिताच्या मानेच्या बुडाशी, गळ्याच्या हाडाच्या वर जी खळगी असते, तिथं डावीकडं करिष्माची बोटं थांबली. तिनं डोळे मिटले, बोटं उचलली आणि पुन्हा ठेवली. बोराएवढी टणक गाठ होती. बोटाखाली ती सरकत नव्हती. शेजारी आणखी एक होती, जराशी लहान.

तिनं डोळे उघडले तेव्हा समोरच्या आरशात पुष्पाबाई दिसल्या. सोफ्यावर बसून त्या लेकीच्या चेहऱ्याकडं पाहत नव्हत्या, करिष्माच्या बोटांकडं पाहत होत्या. यांना ठाऊक आहे, करिष्माच्या मनात आलं.

मेहकरच्या बसस्थानकामागच्या गल्लीत करिष्माचं पार्लर आहे. लग्नसराईत तिथं पाय ठेवायला जागा नसते. एरवीही बाया येतात, आणि त्यातल्या निम्म्या नटायला येतच नाहीत. शाळेत खिचडी शिजवणारी पंचफुला महिन्यातून एकदा नुसती पडून राहायला येते. चेहऱ्यावरून, मानेवरून करिष्माचा हात फिरायला लागला की तिला झोप लागते. उठल्यावर म्हणते, "घरी सगळे हाक मारतेत वं, हात कोणी फिरवत नाही."

ही मालीश करिष्मा संभाजीनगरला जाऊन शिकली. कोणी विचारलं तर ती शेतातलीच गोष्ट सांगते. अंगात रक्ताखेरीज आणखी एक पातळ पाणी फिरतं, त्याच्या बारीक नळ्या कातडीच्या अगदी खाली असतात. वाफ्यात पाणी तुंबलं तर आपण आधी पुढचं तोंड मोकळं करतो ना, तसंच मानेच्या बुडापासून सुरू करायचं. दाबायचं नाही, कातडी नुसती हलवायची. सूज उतरते, अंग हलकं वाटतं, झोप लागते. "पण चरबी जात नाही," हेही ती सांगते, आणि मग काही बाया दुसऱ्या पार्लरला जातात.

तिची आई गोजरबाई दुपारभर पार्लरच्या कोपऱ्यात बसून असते. गावाकडं तिनं कितीतरी बाळंतिणी आणि तान्ही लेकरं रगडून काढली. आता गुडघे गेले, पण हात शाबूत आहेत. लेकीची ही मालीश तिला अजून पटलेली नाही. आताही ती म्हणाली, "मालीश करून राह्यली का माशी हाकलून राह्यली?"

रोज हसणारी करिष्मा आज हसली नाही. तिनं अर्पिताच्या खांद्यावर पांघरूण ओढलं आणि हात पुसले.

"काकू, ही गाठ डॉक्टरले दाखवली का?"

"कायची गाठ?" पुष्पाबाई म्हणाल्या. मग त्यांनी उठून दाराचा पडदा नीट ओढला. "थोडीशी सूज आहे. त्याच्यासाठीच तर आणलं तुझ्याकडं. मोबाईलवर दाखवतेत, या मालीशनं गाठी विरघळतेत म्हणून. मानेचं जरा जास्त कर."

"विरघळत नाही काकू. सूज उतरते, गाठ नाही."

"परवा हळद आहे, करिष्मा." पुष्पाबाईंचा आवाज खाली आला. "नवरदेवाकडच्या बाया उष्टी हळद घेऊन येतीन. मानेले लावतीन, खांद्याले लावतीन. कोणाच्या बोटाले लागलं तर काय सांगू मी? भर मांडवात?"

आता करिष्माला सगळं कळलं. गळा झाकता आला असता, पदर होता, दागिने होते. हळदीची बोटं मात्र अडवता येणार नव्हती.

तिला शिकवणाऱ्या मॅडमनी कुठं हात लावायचा हे सांगायच्या आधी कुठं लावायचा नाही ते सांगितलं होतं. ताप असेल तर नाही, पायात रक्त साकळलं असेल तर नाही, हृदयाचा त्रास असेल तर नाही, आणि डॉक्टरनं न पाहिलेल्या गाठीला तर कधीच नाही. ते सांगणं सोपं होतं. पण पुष्पाबाईंचं माहेर-सासर दोन्ही याच तालुक्यातलं. पार्लरवाली पोरीत खोट काढते, एवढं एक वाक्य त्यांनी चार घरी बोलायचा अवकाश, यंदाच्या एकाही नवरीनं या गल्लीत पाऊल टाकलं नसतं.

"मी नाही करत काकू," करिष्मा म्हणाली. बोलताना तिची बोटं टॉवेलमध्ये गुंडाळलेली होती.

पुष्पाबाईंनी तिच्याकडं पाहिलंच नाही. त्या गोजरबाईकडं वळल्या. "मावशी, तुमचे हात तर साऱ्या मुलखाले माहीत आहेत. तुम्हीच द्या रगडून."

गोजरबाईला कित्येक दिवसांत असं कोणी म्हटलं नव्हतं. ती गुडघ्यांवर हात टेकवून उठली. "आन बरं ते तेल. कोमट कर."

"माय, हात नको लावू."

"काऊन? तुले याच हातानं उभी केली मी."

"माय."

पण गोजरबाईनं तेलाची बाटली स्वतःच घेतली, तळहातावर तेल ओतलं आणि ती अर्पिताच्या उशाशी आली. करिष्मा मध्ये उभी राहिली. मायलेकी अशा समोरासमोर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. गोजरबाईच्या हातावरचं तेल मनगटावरून खाली गळत होतं.

"सरक," ती म्हणाली.

करिष्मा सरकली नाही. अर्पिताकडं वाकून तिनं विचारलं, "ताप येते का तुले?"

"लग्नाचं टेन्शन आहे तिले," पुष्पाबाई म्हणाल्या.

"संध्याकाळचा येते," अर्पिता म्हणाली. इतका वेळ ती छताकडं पाहत निजली होती. "रात्री घामानं गादी ओली होते. वजन उतरलं तं सगळे म्हणतेत, नवरी कशी छान बारीक झाली. आई, तूच ब्लाउज दोनदा आत घेतला."

गोजरबाईनं लेकीच्या खांद्यावरून हात पुढं केला आणि तेल न लागलेलं एक बोट त्या खळगीत टेकवलं, अगदी हलकं. तिचं तोंड उतरलं. दोन्ही हात तिनं आपल्या लुगड्याला पुसले आणि बाटलीचं बूच लावलं.

"हे माह्या हातचं नाही, पुष्पाबाई," ती म्हणाली. "हे दवाखान्याचं."

"लग्नानंतर दाखवू," पुष्पाबाई म्हणाल्या. "चार दिवसांनी काय होते?"

"अन् मग त्यायले काय सांगू? लग्नाआधी माहीतच नव्हतं म्हणू?" अर्पिता उठून बसली. अंगावरचं पांघरूण मुठीत धरून तिनं पर्समधून मोबाईल काढला. पुष्पाबाई पुढं झाल्या, तेव्हा करिष्मानं त्यांचा हात धरला. का धरला हे तिला नंतरही सांगता आलं नाही. गिऱ्हाइकाचा हात तिनं असा कधी धरला नव्हता.

नवरदेव श्रेयस चिखलीला सहकारी बँकेत होता. त्यानं फोन उचलला तो हसतच. अर्पितानं त्याला सांगितलं, आडपडदा न ठेवता, गाठ कुठं आहे, ताप कधीपासून येतो. पलीकडं हसणं थांबलं.

"मले आईशी बोलावं लागेल," तो म्हणाला. "करतो फोन."

फोन ठेवल्यावर पुष्पाबाई खाली फरशीवरच बसल्या. "झालं तुमच्या मनासारखं?" त्या कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही. करिष्मानं दारावरची पाटी उलटी केली आणि बाहेर आलेल्या बाईला उद्या यायला सांगितलं. गोजरबाईनं चहा केला. कोणी प्यालं नाही. बसस्थानकावरून लोणार, सिंदखेडराजाच्या गाड्यांची नावं पुकारत होते, आणि प्रत्येक पुकाऱ्याला अर्पिता मोबाईलकडं बघत होती.

फोन आला तो श्रेयसचा नव्हता. त्याच्या आईचा, सत्यभामाबाईंचा होता, आणि त्यांनी पुष्पाबाईंनाच मागितलं. पुष्पाबाई "हो" म्हणाल्या, पुन्हा "हो" म्हणाल्या, आणि फोन लेकीच्या हातात देऊन म्हणाल्या, "सकाळी बुलढाण्याले बोलावलं. दवाखान्यात. बाकी काहीच बोलली नाही ती बाई." मग करिष्माकडं न पाहता, "तू चाल. तूच पाह्यलं, तूच सांग आता."

सकाळी त्या तिघी बुलढाण्याला पोचल्या तेव्हा सत्यभामाबाई दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या. उंच, सावळी बाई. खांद्याला पिशवी, हातात केसपेपर. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"कुठं आहे वं? दाखव."

अर्पितानं ओढणी बाजूला केली. सत्यभामाबाईंनी बोटं टेकवली. पुष्पाबाईंनी तोंड फिरवलं. ज्या बोटांना भिऊन त्या कित्येक दिवस झुरल्या, ती बोटं मांडवात नाही, इथं फिनाइलच्या वासात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत लेकीच्या मानेवर फिरत होती.

"माह्या नणदेले होती अशी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तिच्या आईनं लपवली. लग्न झालं अन् वर्षात..." पुढचं त्यांनी गिळलं. "चाल. नंबर लावला मी."

"अन् लग्न?" पुष्पाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"मांडववाल्याले थांब म्हणून सांगतलं. पुढचं मागून पाहू."

डॉक्टरांनी तपासलं, तापाचं विचारलं, छातीचा एक्स-रे काढून पाहिला. बहुतेक टीबीची गाठ आहे, म्हणाले, औषध नीट घेतलं तर बरी होते. पण सुईनं तपासल्याशिवाय मी पक्कं सांगत नाही. या गाठी कोणी चोळल्या तर नाहीत ना, असंही त्यांनी विचारलं. करिष्मा म्हणाली, "नाही." एवढं एकच उत्तर तिला त्या दिवशी ठामपणे देता आलं.

सुईच्या तपासणीसाठी अर्पिताला आत नेलं. बाहेरच्या बाकड्यावर एका टोकाला पुष्पाबाई बसल्या, दुसऱ्या टोकाला सत्यभामाबाई. मधली जागा उरली, तिथं करिष्मा बसली. 'पुढचं मागून पाहू' याचा अर्थ पुष्पाबाई सकाळपासून लावत होत्या. त्यांच्या ओठांच्या हालचालीवरून ते करिष्माला कळत होतं. सत्यभामाबाई समोरच्या भिंतीकडं पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

दार उघडलं. नर्सनं बाहेर डोकावून विचारलं, "पेशंटचं घरचं कोण आहे? आत या, पोरीले चक्कर आली."

पुष्पाबाई पिशवी सावरत उठायच्या आत सत्यभामाबाई दारातून आत गेल्या होत्या.