विमानाच्या पोटावरची काच

रंगाचा डबा बरेच दिवस पडून राहिला की तळाला रंग घट्ट बसतो. आमच्या दुकानात किस्से तसे बसलेत. काडी घालून ढवळलं की वर येतात. मला चार माणसांत बोलायची लाज वाटते, म्हणून लिहून काढतोय. शाळा नववीत सुटली, पण अक्षर चांगलं आहे. नंबर प्लेटा लिहून लिहून आलंय!

दुकान हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, ओमती भागात, मेश्रामकाकांचं. काम ट्रक रंगवायचं. काका, स्प्रे गन चालवणारा गुड्डू भैया आणि ब्रश धरणारा मी. गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजने आम्हाला बोलावलं. त्यांच्या आवारात हवाई दलाचं जुनं जेट विमान आलं होतं, नवे वैमानिक ज्यावर शिकतात तसलं. चाकं पोटात बंद, खाली लोखंडी स्टँड. रंगवून झालं की ते क्रेनने उंच खांबावर चढवायचं होतं.

काम करून घेणार होते राजूरकर साहेब. मूळ नाशिकचे, आता खमरियाकडे राहतात. हेच विमान ते पोरांना शिकवायला उडवायचे. विमानाच्या निरोपाच्या वर्षी त्यांच्या तुकडीने त्याला जगावेगळा रंग दिला होता, आणि साहेबांना सेम टू सेम तोच हवा होता.

*

पहिल्या दिवशी काका विमानाभोवती एक चक्कर मारून आले, पंखावर थाप मारली आणि म्हणाले, "मडगार्ड मजबूत आहे."

साहेबांनी डोळे मिटले. "त्याला पंख म्हणतात, मेश्रामजी."

तेवढ्यात मागून गुड्डू भैया ओरडला, "काका, साइलेंसर में चिड़िया का घोंसला है!"

चार दिवसांनी साहेब फोनवर कुणाला तरी सांगत होते, "हो हो, काम जोरात आहे. बोनट झालं, आता मडगार्ड घेतलंय!"

*

साहेबांच्या कागदावर विमानाची डावी बाजू वाघासारखी होती, पिवळ्यावर काळे पट्टे. उजवी बाजू पांढरी, तिच्यावर केशरी पट्टे. शिकाऊ पोराचं विमान लांबून दिसावं म्हणून ते पूर्वीपासून तसं असायचं. निरोपाला तुकडीने निम्मं जुनं ठेवलं, निम्मा वाघ केला.

पण ट्रकचा नियम वेगळा. दोन्ही बाजू सारख्या नसल्या तर मालक ट्रक नेत नाही! साहेब जेवायला गेले आणि परत येईपर्यंत काकांनी उजवीकडेही अर्धा वाघ उतरवला.

"कागदात चूक होती साहेब," काका अभिमानाने म्हणाले. "आम्ही सुधारली."

साहेबांनी खिशातून जुना फोटो काढून समोर धरला. पुढचे दोन दिवस आम्ही पॉलिश पेपरने वाघ घासत होतो.

घासता घासता काका पुटपुटले, "दोन विमानं पाहिजे होती, भेटलं एकच!"

*

खरी पंचाईत पोटाची. तुकडीने विमानाच्या पोटावर एक खोटी काच रंगवली होती, वैमानिकाच्या डोक्यावर खरी असते हुबेहूब तशी. हवेत पाठलाग करणाऱ्याला कळू नये, की विमानाची पाठ कुठली आणि पोट कुठलं. तो गोंधळला की आपण निसटलो!

"हे हाताने व्हायचं नाही," साहेब म्हणाले. "मी नागपूरहून स्टिकर मागवतो."

काकांना ते लागलं. फ्लेक्स आल्यापासून दुकानाचे बोर्ड गेले, स्टिकर आल्यापासून ट्रकवरची चित्रं गेली. आता विमानही जाणार. "हा पोरगा करते," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले.

मला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं!

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ठीक आहे. लांबून बघणारा एक जरी माणूस फसला, तर स्टिकर रद्द. नाही फसला, तर तुझं काम घासून स्टिकर लावणार."

*

मी काळा रंग भरला. काच कुठली, डांबराचा डाग दिसत होता. मग मी काच बघायला निघालो. ओमतीत एक बस उभी होती, तिच्या पुढच्या काचेसमोर अर्धा तास उभा राहिलो.

एक हवालदार आला. "क्या देख रहा है बे?"

"कांच."

"कांच के अंदर क्या है?"

"अंदर नहीं, ऊपर. आसमान है."

तोही बघायला लागला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "अच्छा... ऊपर सफेद, नीचे नीला."

बस! मला तेवढंच पाहिजे होतं.

*

तीन दिवस मी विमानाखाली पाठीवर पडून रंगवत होतो. ब्रश वर, तोंड त्याच्याखाली, टपकणारा रंग तोंडावर. घरी गेलो की आई म्हणायची, "काहून रे, रोज होळी खेळून राहिला का?"

तिसऱ्या संध्याकाळी साहेब वाकून बघून गेले. फक्त "हं" म्हणाले. नागपूरचा स्टिकर काही रद्द केला नाही. मला जेवण गेलं नाही.

*

क्रेन आली त्या दिवशी विमानावर वरून पांढरं कापड बांधलं होतं, अनावरणासाठी. शेपटीचा उभा पंख खांबावर चढल्यावर बसवायचा होता, तो बाजूला पडला होता. साहेब हातात छडी घेऊन उभे. काका माझ्या खांद्याला धरून. सगळं कॉलेज बाहेर.

क्रेनचे पट्टे ताणले गेले. विमान उचललं, आमच्या डोक्यावर गेलं, पोट उजेडात आलं.

आणि क्रेन थांबली.

ऑपरेटर केबिनमधून उडी मारून धावत आला. "अरे साहब! ये किसने बांधा है? उल्टा लटका दिया पूरा! कांच तो नीचे है!"

साहेब एकदा वर बघत होते, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी छडी माझ्याकडे केली.

"इसने किया है उल्टा. इसी लड़के ने."

ऑपरेटर कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभा राहिला.

"तो बेटा, पहले तू सीधा कर! तब तक मैं नहीं उठाता!"