दोरीबाहेरची रग्बी

बस डेपोतल्या वेल्डरला सगळे अंडेवाले म्हणत. अंडी तो विकत नसे. त्याच्या काखेत कायम एक लांबुळका चेंडू असायचा, एवढाच काय तो गुन्हा. तरुणपणी बंदरावर कामाला असताना तो रग्बी शिकला आणि पुढे या क्रिकेटवेड्या गावात आला, तो हे खूळ डोक्यात घेऊनच. इथे लोक लग्नाची तारीखसुद्धा सामने बघून धरायचे. अशा ठिकाणी रग्बी रुजवायला निघालेल्या माणसाला वेडा म्हणतात, आणि तसं म्हणण्यात फारसं काही चुकत होतं असंही नाही.

सात खेळाडू जमवताना त्याच्या नाकी नऊ आले. डेपोतले पाच जण आले, त्यातले दोघे तर फक्त ढेरी कमी करायला. सहावा नाक्यावरचा सलूनवाला. सातवा त्याचा मेहुणा, तो बहिणीच्या धाकाने.

"भाऊजी, पळायचं पुढे आणि चेंडू टाकायचा मागे? मग माणसाने पळायचं तरी कशाला?" मेहुण्याने पहिल्याच दिवशी विचारलं. पण तोच सगळ्यांत चपळ निघाला. पळत्या माणसाच्या मांड्यांना मिठी मारून त्याला आडवा करायचा आणि स्वतः खांद्यावर अलगद पडून उठायचा. ते पडणं वेल्डरने त्याला जीव ओतून शिकवलं होतं.

मैदान क्रिकेट क्लबचं होतं. सेक्रेटरीसाहेबांनी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी दिल्या, त्याही एका अटीवर. मधल्या पिचला दोरी बांधलेली असेल, तिच्या आत पाऊल पडता कामा नये. वेल्डरने मान डोलावली. नाही म्हणायची सोय होती कुठे? मग हे सात जण वर्षानुवर्षं मैदानाच्या कडेकडेने रग्बी खेळत राहिले. दोरी आली की वळायचं, एवढं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं.

यंदा साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. "बाहेरगावची एक मॅच जिंकून दाखवा, मी कमिटीपुढे शब्द टाकतो. नाहीतर त्या दोन संध्याकाळी आम्हाला सरावाला हव्यात."

बाहेरगावचं मैदान खास रग्बीचं होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसतं गवत. मेहुण्याच्या हातात चेंडू आला. समोर मधोमध सगळं रान मोकळं, अडवायला चिटपाखरू नाही. तो सुटला, मध्यावर पोचला आणि झपकन उजवीकडे वळून थेट रेषेबाहेर गेला. त्याच्यामागून डेपोतला कंडक्टर तसाच वळला. मग सलूनवाला.

"मधून! अरे, मधून पळा!" वेल्डर घसा फाडून ओरडत होता. त्यांनाही मधूनच पळायचं होतं, पण पाय ऐकतील तर ना. थोड्या वेळाने समोरच्या संघाने मधली जागा राखायचंच सोडून दिलं. एकही गुण न मिळवता सगळे परत आले. बसमध्ये कोणी कोणाकडे बघेना.

"अहो, सोडा आता. तुम्ही काही कमी केलं नाही," बायको म्हणाली. तिच्यासमोर त्याला रडू फुटलं. आपणच या पोरांना मधली जागा चुकवायला शिकवलं, हे त्याला सहन होत नव्हतं.

दोन्ही संध्याकाळी गेल्या. संघ फुटला. मेहुण्याला क्लबने फील्डिंगसाठी उचललं. इतकं सुरेख झेपावणारा माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता. सेक्रेटरीसाहेब स्वतः डेपोत आले. "अंडेवाले, आमच्या पोरांनाही असं पडायला शिकवा हो." त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती, तेच जास्त लागलं. तरी तो गेला. शिकवण्यासारखं त्याच्याजवळ दुसरं होतं काय?

क्लबच्या पोरांना तो खांद्यावर पडायला शिकवत असतानाच सरावात मेहुण्याने डावीकडे झेप घेऊन जमिनीलगतचा झेल घेतला. टाळ्यांचा कडकडाट झाला. क्लबमध्ये नवीनच आलेला एक बोलर धावत आला.

"कमाल केलीस यार! कुठे शिकलास हे?"

मेहुण्याने भाऊजींकडे पाहिलं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात वेल्डरच बोलला. पुन्हा चेंडूचा आकार समजावायचा, पुन्हा ते हसू झेलायचं, एवढं बळ आता त्याच्यात उरलं नव्हतं.

"कुठे म्हणजे? क्रिकेटमध्येच," तो म्हणाला.