उडीच्या फळीपाशी बसणारी गुंडेल

होल्टवेडे गावात कुणालाही आमच्या मैदानी खेळांच्या क्लबाचा इतिहास विचारा, तो डिटहेल्म कॉर्टमानपासून सुरू होतो. स्क्रूचा कारखाना असलेला हा गृहस्थ अध्यक्ष झाला, त्याने पैसा ओतला, बाहेरगावचे धावपटू आणि उडीपटू आणले आणि आमचा एवढासा क्लब सगळ्या जर्मनीत गाजला, असं लोक मान डोलावत सांगतात. हे ऐकलं की गुंडेल रेडेमानचं डोकं फिरायचं. कॉर्टमान जन्मलाही नव्हता तेव्हा गावातल्या बायापोरींनी लोखंडाच्या भट्टीतली राख हातगाडीवरून ओढून आणून इथली पहिली धावपट्टी घातली होती. युद्ध नुकतंच संपलं होतं आणि गावातले पुरुष एक तर मेले होते, नाहीतर रशियात कैदेत होते. दहा वर्षांची गुंडेल आईच्या मागे गाडी ढकलायची, पडायची, उठायची. त्या राखेचे कण तिच्या गुडघ्यांच्या कातडीत जे शिरले ते कायमचेच. पोहण्याच्या तलावावर एखादी नवखी बाई विचारायची, हे काळं काळं काय लागलंय, तर गुंडेल म्हणायची, "क्लबाचा इतिहास."

मोठी झाल्यावर ती स्वतः लांब उडी मारायची, आणि बरी मारायची. पण लग्न झालेल्या बाईने अर्ध्या चड्डीत उड्या मारणं सासूला पसंत नव्हतं. मग तिने पंचाची परीक्षा दिली आणि उडीच्या फळीपाशी घडीची खुर्ची टाकून बसली ती तिथेच राहिली. नवरा आल्विन मैदानाची राखण करायचा. क्लबघराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या या कामाबरोबर मिळाल्या होत्या. आल्विन भला माणूस, पण नीटनेटकेपणाचं त्याला वेड होतं. उडीच्या खड्ड्यातल्या वाळूवरून मांजर चालून गेलं तरी तो दाताळं घेऊन खाली धावायचा. संध्याकाळी मैदानावर एक पानही पडलेलं त्याला खपत नसे.

फळीपाशी बसणाऱ्या पंचाचं काम ऐकायला सोपं आहे. उडी मारणाऱ्याचा पाय फळीवर पडला तर पांढरं निशाण, फळीच्या पुढे गेला तर लाल. फळीला लागून पुढे प्लॅस्टिसिनची, म्हणजे मुलांच्या खेळातल्या मऊ मातीसारखी, पट्टी बसवलेली असते. पाय पुढे गेला की बुटाच्या टोकाचा ठसा त्यात उमटतो आणि वादाला जागा उरत नाही. ठसा उमटला की पट्टी काढून बाजूला ठेवायची, तिच्या जागी दुसरी बसवायची आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत पहिलीला हात लावायचा नाही. गुंडेलने आपल्या क्लबाच्या पोरांनाही कधी सोडलं नाही. शाळेत असताना कॉर्टमानची एक उडी तिने बाद ठरवली होती आणि त्याने भोकाड पसरलं होतं. त्याची आई तणतणत आली तेव्हा गुंडेलने तिला सांगितलं की आधी मुलाचं नाक पूस, मग बोल.

तोच मुलगा आता अध्यक्ष होता. राखेची धावपट्टी उखडून त्याने लाल रबरी धावपट्टी घातली आणि उत्तरेकडून येर्न वीबुश नावाचा लांब उडीवाला आणला. वीबुशला कारखान्यात नोकरी होती म्हणे. त्याला स्क्रूच्या जवळपास कुणी कधी पाहिलं नव्हतं. गावच्या ज्या पोरांना गुंडेलने पावलं मोजून फळी गाठायला शिकवलं होतं ती आता बाकावर बसून टाळ्या वाजवायची. तरीही क्लब जिंकत होता आणि जिंकणाऱ्याला जाब कोण विचारतं. त्र्याऐंशी सालच्या ऑगस्टमध्ये देशभरच्या क्लबांची अंतिम स्पर्धा आमच्याच मैदानावर झाली. संध्याकाळ होत आली तेव्हा शेवटची लांब उडी तेवढी राहिली होती. वीबुशची उडी धरली तर अजिंक्यपद आमचं, नाही धरली तर दक्षिणेकडच्या क्लबाचं. हे लहान मुलालाही ठाऊक होतं.

वीबुश धावत आला, उडाला आणि मैदान आरडाओरड्याने भरून गेलं, कारण उडी खरोखरच लांब होती. गुंडेलचे डोळे मात्र फळीवर होते. पट्टीत बुटाच्या टोकाचा ठसा स्वच्छ उमटला होता, अंगठ्याएवढा रुंद. तिने लाल निशाण वर केलं. लगेच शिट्ट्या सुरू झाल्या, आमच्याच लोकांच्या. गुंडेल, चष्मा पुसून घे, असं कुणीतरी ओरडलं. वीबुशने जागेवरच हरकत घेतली. तशी हरकत घेतली की उडी मोजून ठेवतात आणि निकाल बाहेरगावच्या तीन पंचांची समिती देते. आल्विनने ठसा उमटलेली पट्टी काढून खड्ड्याच्या कडेला ठेवली आणि नियमाप्रमाणे तिच्या जागी नवी बसवली.

समिती आपली कागदपत्रं गोळा करत होती तेवढ्यात कॉर्टमान येऊन गुंडेलच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला. अंगात सुंदर कोट, ओठांवर हसू.

"गुंडेल, तुला अगदी खात्री आहे?"

"ठसा आहे तिथे. जाऊन बघ."

"ठशाचं राहू दे गं. ऊन समोरून येत होतं, नीट दिसलं नसेल, एवढंच म्हण. कुणी तुला बोल लावणार नाही. तू आमचीच आहेस."

"इथे बसले की मी कुणाचीच नसते. हे तुला शाळेत असतानाच कळायला हवं होतं."

कॉर्टमान उठला, त्याने पँट झटकली आणि क्लबघराच्या वरच्या खिडक्यांकडे बघत म्हणाला की यंदा तुमची फुलं छान आली आहेत. मग सहज बोलल्यासारखं त्याने आणखी सांगितलं की त्या दोन खोल्यांत क्लबाचं ऑफिस करावं असं कार्यकारिणीतल्या काही जणांचं म्हणणं आहे, आपण मात्र अजून काही ठरवलेलं नाही. एवढं बोलून तो आल्विन उभा होता तिकडे गेला. गुंडेलच्या अंगाची लाही लाही झाली. पण पंचाला खुर्ची सोडता येत नाही, म्हणून ती बसून राहिली.

समिती आली आणि तिने पट्टी मागितली. आल्विनने ती दोन्ही हातांनी पुढे केली. पट्टी गुळगुळीत होती. ठसा नाही, ओरखडा नाही, नुकती डब्यातून काढल्यासारखी. सवयीने पुसून टाकली, असं आल्विन जमिनीकडे बघत म्हणाला. सरावाच्या दिवसांत प्रत्येक उडीनंतर पट्टी पत्र्याने सपाट करायचं काम तोच करायचा आणि ते साऱ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे हे कुणालाही पटण्यासारखं होतं. गुंडेलने आपण पाहिलं ते सांगितलं. तिघांनी मान हलवली, ते आपसात कुजबुजले आणि त्यांनी ठरवलं की पुरावा नाही तर उडी धरावी लागेल. मग बँड वाजू लागला. लोकांनी कॉर्टमानला खांद्यावर घेतलं. ज्यांनी मघाशी शिट्ट्या मारल्या होत्या तेच आता एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते.

ती खुर्ची घडी करत होती तेव्हा वीबुश तिच्याजवळ आला. गळ्यात माळ होती, पण चेहरा उतरलेला. पाय पुढे पडल्याचं आपल्याला जाणवलं होतं, असं तो हळूच म्हणाला. ते तिघे अजून आत कॉफी पीत बसलेत, जा आणि त्यांना सांग, असं गुंडेलने त्याला सुनावलं. तो दाराकडे बघत म्हणाला की हे आपल्या एकट्याच्या हातात नाही. गुंडेलला विचाराल तर त्या दिवसातली सर्वांत किळसवाणी गोष्ट हीच होती. खोटं बोलणारा निदान खोटं तरी बोलतो. याला जिंकायचंही होतं आणि वर तिच्याकडून माफीही हवी होती.

वरच्या खोलीत आल्विन टेबलापाशी बसला होता. पाव आणि चीज कापून ठेवलं होतं, दोन ताटल्या मांडल्या होत्या.

"काय म्हणाला तो तुला?" तिने विचारलं.

"काही नाही. 'आल्विन, जरा आवरून घे,' एवढंच."

"आणि तू आवरलंस."

"आपण जाणार कुठे, गुंडेल? या वयात?"

खाली लोक गात होते आणि जमीन थरथरत होती. तिने त्याला नको ते बोल ऐकवले. वाळू आवरणाऱ्याशी लग्न केलं होतं, बायकोचा शब्द पुसून टाकणाऱ्याशी नाही, असंही म्हणाली. पण पुढच्या महिन्यांत, राग थोडा ओसरल्यावर, तिला त्याची भीती कळू लागली. मागून कुणीतरी कानात बोललं, हातात पत्रा होता, पुढ्यात पट्टी होती, क्षणभरात होऊन गेलं. घाबरट माणसाच्या हातून असं होतं. क्लबाला मात्र तिने माफ केलं नाही. हिवाळाभर गावात बेकरीपासून चर्चपर्यंत सगळे तिला थंड नमस्कार करत होते, जणू अजिंक्यपद तिनेच चोरलं होतं.

मार्चमध्ये क्लबघरात वार्षिक सभा भरली. बटाट्याचं सॅलड, उकडलेले सॉसेज, बिअर आणि भिंतीवर नवीन चषकाचा भलामोठा फोटो. सभेआधी कॉर्टमानने गुंडेलला बाजूला घेऊन सांगितलं की इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल तिला क्लबाची सोन्याची मानाची पिन देणार आहोत. ती तुझ्याच कोटाला टोच, असं ती म्हणाली. तो हसला आणि त्याने पिन यादीतून काढून टाकली.

आमच्याकडे प्रत्येक सभेत एक ठराव ठरलेला असतो. गेल्या वर्षी कार्यकारिणीने जे केलं ते ठीक केलं, असं सभासद हात वर करून सांगतात. याला बिअर मागवण्याएवढाही वेळ लागत नाही. आमच्या क्लबात कुणी कधी विरोधात हात वर केल्याचं म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं. उपाध्यक्ष पॉपिंगहाउस, गावातले औषधवाले, उभे राहिले. बाजूने कोण, म्हणताच खोलीभर हात वर गेले. विरोधात कुणी, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता ते पुढचं पान उलटू लागले.

गुंडेलचा हात वर होता.

काट्याचमच्यांचे आवाज थांबले. पॉपिंगहाउसनी चष्म्यावरून बघत विचारलं की बाईंना काही कारण सांगायचंय का. गुंडेल उभी राहिली.

"ती उडी बाद होती. ठसा होता, मी पाहिला. तो पुसला गेला आणि कुणाच्या सांगण्यावरून गेला ते या खोलीत सगळ्यांना माहीत आहे. या वर्षाला मी ठीक म्हणणार नाही. तुम्ही म्हणा."

पट्टी पुसणाऱ्याचं नाव तिने घेतलं नाही. तिच्याबरोबर राखेच्या गाड्या ओढलेली लोटी ब्रिंकशुल्टे समोरच बसली होती. तिने मान खाली घालून सॉसेज कापायला घेतलं. कॉर्टमान शांतपणे म्हणाला की मत मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, लिहून घ्या, एक मत विरोधात. मग पॉपिंगहाउसनी नियमाप्रमाणे शेवटचं विचारलं, "तटस्थ कुणी?"

आल्विनने हात वर केला. पूर्ण नाही, खांद्याइतकाच, हॉटेलात बिल मागतात तसा. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि एक मत तटस्थ, असं लिहिलं गेलं.

मे महिन्यात खोल्या रिकाम्या करायचा निरोप आला. आल्विनचं काम राहणार होतं, फक्त घर जाणार होतं, कॉर्टमान तेवढा दिलदार होता. आल्विनने स्टेशनामागच्या गल्लीत दोन खोल्या बघितल्या आणि खूश होऊन सांगायला आला की स्वयंपाकघराला खिडकी आहे, दोघांना पुरतील.

गुंडेल कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिने निम्म्याच गुंडाळल्या होत्या.

"पट्टी पुसलीस तेव्हा घाबरला होतास, ते मी पोटात घातलं," ती म्हणाली. "पण सभेतल्या त्या अर्ध्या हाताआधी विचार करायला तुला अख्खा हिवाळा मिळाला होता. मी माझ्यापुरती एक खोली घेतली आहे. तू आधी तुझं काय ते ठरव."